थकवा, शीण आणि खाडा: कामगाराला कोणत्या शब्दात विचारावं?

नागपुरात समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. बुटीबोरी एमआयडीसीतल्या कामगारांचा थकवा, त्यांची तब्येत आणि आजारपणामुळे पडणारी गैरहजेरी यावर त्या प्रबंध लिहीत आहेत. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करताना त्यांनी ‘फटीग’साठी ‘क्लांती’ आणि ‘सिकनेस अ‍ॅबसेन्स’साठी ‘रुग्णता अनुपस्थिती’ असं लिहिलं. पहिल्याच दिवशी दोघातिघांनी ‘क्लांती’चं ‘क्रांती’ वाचलं. ‘रुग्णता अनुपस्थितीचे एकूण दिवस’ या रकान्यात तर जवळजवळ सगळ्यांनी शून्य भरलं. ताई विचारतात, थकवा लिहू की शीण? आणि दुसऱ्यासाठी शब्द कोणता?

ताई, थकवा लिहा. पण हे उत्तर एवढ्यावर सोडवत नाही, कारण या प्रश्नात दोन शब्दांच्या निवडीपेक्षा बरंच काही आहे.

दमणं, भागणं, शिणणं आणि थकणं ही चारही क्रियापदं आपण एकाच अर्थानं वापरतो असं वाटतं. पण बोलणाऱ्याच्या तोंडून ती कधी येतात ते ऐका. जिना चढून माणूस दमतो. इथे श्वासाचा संबंध आहे. दम लागतो, दम खातो, दोन मिनिटं दम घेतला की पुन्हा चालू लागतो. भागणं त्याहून थोडं खोल, बहुतेक वेळा हातापायांचं. दिवसभर उभं राहून पाय भागतात. शीण हा काहीतरी पार पडल्यावरचा असतो. प्रवासाचा शीण, लग्नघरातल्या धावपळीचा शीण. आणि शीण उतरतो, जातो, घालवता येतो. शीणभाग हा जोडशब्दही आपण बहुधा तो दूर करण्याच्या संदर्भातच वापरतो. या तीनही शब्दांत सुटकेची वाट आतच आहे.

थकण्याचं तसं नाही. हे क्रियापद प्राकृतातल्या ‘थक्क’ या धातूच्या घरातलं आहे, आणि त्याचा मूळ अर्थ थांबणं, जागच्या जागी उभं राहणं. आश्चर्यानं माणूस थक्क होतो तेव्हाही तो जागीच खिळतो. हाच शब्द पैशाच्या व्यवहारात शिरला. हप्ता थकतो, भाडं थकतं, तीन महिन्यांचा पगार थकतो, आणि त्यातून थकबाकी होते. जे वेळेवर फेडायचं होतं ते फेडलं गेलं नाही आणि साठत राहिलं. ‘आईवडील आता थकले’ असं आपण म्हणतो तेव्हा ते आज दुपारी काम करून दमले असं आपल्याला सांगायचं नसतं. वर्षानुवर्षांचं काहीतरी अंगात साठून राहिलं आहे, ते आता रात्रभराच्या झोपेनं जाणारं नाही, असं सांगायचं असतं. त्या वाक्यात ‘दमले’ किंवा ‘शिणले’ घालून पाहा, अर्थच बदलतो.

विश्रांतीची थकबाकी म्हणजे थकवा, असं मी समजतो. आणि संशोधकांना नेमका हाच फरक पकडायचा असतो.

कामगारांच्या थकव्यावरचं एक मोठं काम नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त शहरातल्या विद्यापीठानं १९९८ साली सुरू केलं. ४५ कंपन्यांमधले बारा हजारांहून जास्त लोक त्यात होते, आणि त्यांना ठराविक काळानं पुन्हा पुन्हा प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. मोजण्यासाठी वापरलेल्या यादीत २० विधानं होती. प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण २० पासून १४० पर्यंत. नोकरदार माणसांसाठी ७६ च्या वर गेलेल्याला थकलेला धरायचं ठरलं. त्या हिशोबानं सुमारे २२ टक्के लोक थकलेले निघाले, आणि हे रुग्णालयात पडलेले नव्हेत, रोज कामावर येणारे लोक होते. पुढे रजेच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ज्यांचा थकवा जास्त, त्यांची आजारपणाची रजा लवकर सुरू होते असं दिसलं. लांब पल्ल्याच्या रजेच्या बाबतीत हा संबंध अधिक ठळक होता.

याच संशोधकांनी थकव्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट वेगळी मोजली, ती म्हणजे कामानंतर पूर्ववत व्हायला माणसाला किती सवड लागते. घरी आल्यावर थोडा वेळ कुणी बोलू नये असं वाटतं का, रात्रीच्या जेवणानंतर तरी बरं वाटतं का, अशा धाटणीचे प्रश्न. तुमच्या यादीत हा भाग असेल, तर तिथे मात्र थकवा लिहू नका. तिथे शीण लिहा: ‘कामाचा शीण उतरायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागतो.’ आणि ‘रिकव्हरी’साठीचा ‘पुनर्प्राप्ती’ हा शब्द खोडून टाका. आपल्याकडे त्यासाठी ‘हुशारी येणं’ आहे. ‘जेवण झाल्यावर जरा हुशारी येते का?’ हा प्रश्न बुटीबोरीतल्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला सकाळी सातच्या सुमारास चहाच्या टपरीवर उभा होतो. रातपाळी सुटली होती. तिशीतला एक जण डबा मांडीशी धरून बाकावर बसला होता, डोळे लाल. मी विचारलं, “थकलात का भाऊ?” तो म्हणाला, “थकलो नाही काका, भागलो. झोप झाली का होते बरोबर.” मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “पण झोप होते कुठं? टिनाचं घर आहे. बारा वाजले का कूलर बी गरम हवा फेकते. बाजूचे पोट्टे खेळतात. चार दिवसांपासून असंच चालू आहे.” शेजारी उभा असलेला त्याचा वयानं मोठा सोबती लगेच म्हणाला, “मंग थकशीनच न बे!”

भागणं आणि थकणं यांतलं अंतर त्या दोघांनी तीन वाक्यांत सांगितलं. रातपाळीनंतरची दिवसाची झोप तशीही अपुरी पडते, कारण शरीराचं घड्याळ त्या वेळी जागं ठेवायला बसलेलं असतं. त्यात नागपूरचा मे, पंचेचाळीसच्या आसपासचा पारा आणि टिनाचं छप्पर. तो माणूस रोज भागतो आणि रोजचं थोडं थोडं बाकी राहतं. म्हणून तुमच्या प्रश्नात काळ घाला. नुसतं ‘तुम्हाला थकवा येतो का?’ असं विचारू नका, ‘मागच्या दोन आठवड्यांत’ असं विचारा. नाहीतर तो त्या सकाळचं सांगेल.

मास्त्रिख्तच्या त्या २० विधानांचे चार गट आहेत: जाणवणारा थकवा, लक्ष लागणं, उमेद आणि हालचाल. यांपैकी तिसऱ्याला तुम्ही ‘प्रेरणा’ म्हटलं आहे. प्रेरणा बाहेरून मिळते, भाषणातून मिळते. माणूस थकतो तेव्हा त्याची उमेद जाते, काही करावंसंच वाटत नाही. तिथे उमेद हाच शब्द हवा. लक्ष लागण्याबाबत विचारताना ‘एकाग्रता’ लिहिण्यापेक्षा ‘डोकं चालत नाही’ असं थेट लिहा. कमजोरी हा शब्द मात्र टाळा. नागपुरात तो सर्रास चालतो, पण कमजोरी म्हटलं की माणसाला रक्त कमी असणं आठवतं, सलाईन आठवतं, आणि उत्तर भलतीकडे जातं.

आता दुसरा शब्द. इथे शून्य का आलं ते मला ठाऊक आहे. मी नोकरीची बरीच वर्षं एका कारखान्यात मस्टर सांभाळलं. आमच्याकडे दोन मस्टर असायची. कायम कामगारांच्या मस्टरवर रजेच्या चारपाच खुणा होत्या: सीएल (किरकोळ रजा), पीएल (हक्काची रजा), एसएल (आजारपणाची रजा), सुट्टी. ठेकेदाराच्या मस्टरवर दोनच, पी आणि ए, म्हणजे हजर आणि गैरहजर. एका जुलैतली एक ओळ अजून डोळ्यांसमोर आहे. अकरा दिवस पी, मग निळ्या शाईत सलग सहा ए, पुन्हा पी. तो मुलगा तापानं पडला होता. मस्टरला त्याचा ताप दिसला नाही. त्याचे सहा खाडे दिसले आणि तेवढे पैसे कापले गेले. त्या मुलाला तुम्ही विचारलंत की आजारपणाच्या रजेचे दिवस किती, तर तो शून्यच लिहील, आणि ते खरंच आहे. त्याला रजा नव्हतीच. त्याचा खाडा पडला होता.

रजा ही मिळते, मंजूर होते. खाडा पडतो. दांडी मारतात, आणि मारणारा दोषी असतो. आपल्याकडची बुट्टीही त्यातलीच. गैरहजेरीत आरोप नाही, पण ‘गैर’मुळे शब्दाला वाकडी नजर लागतेच. ‘मेडिकल टाकलं’ असं कायम नोकरीतला म्हणतो, ‘सिकमध्ये आहे’ असं रेल्वेतला म्हणतो. ज्याच्याकडे ईएसआयचं, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचं, कार्ड आहे त्याला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते, पण साधारणपणे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे दोन दिवसांचा ताप तिथल्या पैशांतही कुठे दिसत नाही. इतक्या वेगवेगळ्या वाटांनी माणूस घरी राहत असेल, तर कोणतंही एक नाम त्या सगळ्यांना पुरणार नाही. नाम सोडा, वाक्य लिहा: ‘मागच्या बारा महिन्यांत बरं नव्हतं म्हणून किती दिवस कामावर गेला नाहीत? रजा मिळाली असेल किंवा खाडा पडला असेल, दोन्ही धरा.’ त्याखाली आणखी एक प्रश्न: ‘असं किती वेळा झालं?’ एकदाच वीस दिवस पडून राहणं आणि दहा वेळा दोनदोन दिवस राहणं, यांची बेरीज सारखीच होते, पण संशोधनात या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. प्रबंधाच्या मजकुरात तुम्हाला संज्ञा हवी असेलच, तर ‘आजारपणातली गैरहजेरी’ लिहा. ‘रुग्णता’ नको. घरी तापात पडलेला माणूस स्वतःला रुग्ण म्हणत नाही.

गैरहजेरीचा प्रश्न नागपूरला नवा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि सुरुवातीपासूनच माणसं कामावर टिकत नाहीत, रोज बरेच जण येत नाहीत, ही अडचण होती. त्यावर नुसता दंड लावण्याऐवजी तिथे बक्षिसं, विमा, पुढे भविष्यनिर्वाह निधी अशा वाटा काढल्या गेल्या. माणूस का आला नाही, हे विचारण्याची सुरुवात इथे तेव्हाच झाली होती, याचं मला अप्रूप वाटतं.

ताई, एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी यादीत घालाच अशी माझी विनंती आहे. आजारी असूनही कामावर येणं यावर परदेशात खूप लिहिलं गेलं आहे, आणि मराठी भाषांतरांत त्यासाठी ‘रुग्ण उपस्थिती’सारखे घडवलेले शब्द येतात. घडवायची गरजच नाही. आपल्याकडे ‘अंगावर काढणं’ आहे. ताप अंगावर काढला, दुखणं अंगावर काढलं. औषध नाही, विसावा नाही, सगळा भार देहावर टाकून दिवस रेटले, हे सगळं त्या दोन शब्दांत आहे. आणि त्याची किंमतही आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात, तब्येत बरी नसलेल्या पुरुषांपैकी ज्यांनी एकही रजा घेतली नाही, त्यांच्यात हृदयविकाराच्या गंभीर घटनांचं प्रमाण बेताची रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. त्याच अभ्यासात वारंवार लांब रजेवर जाणाऱ्यांचा मृत्युदरही जास्त दिसला होता. शून्य खाडे म्हणजे तब्येत ठणठणीत, असं मस्टरवरून म्हणता येत नाही. ‘मागच्या वर्षभरात दुखणं अंगावर काढून किती वेळा कामावर गेलात?’ एवढं विचारा, शून्य लिहिणाऱ्यांकडूनही तुम्हाला आकडा मिळेल.

आणि प्रश्नावली पाळी सुटताना फाटकावर भरून घेऊ नका. त्या वेळी प्रत्येक जण भागलेलाच असतो आणि थकवा कुणाचा ते कळत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या झोपेनंतर घरी जा. एक अख्खा दिवस आराम करूनही जो ‘अजून हुशारी नाही’ म्हणेल, त्याच्या नावापुढे थकवा लिहा.