प्रश्न तुमचे : नाटक वाचताना

प्रश्न : प्रवेशाचे ‘बीट’ म्हणजे छोटे तुकडे पाडा, असं अभिनयाच्या वर्गात सांगतात. पण एक बीट संपला हे ओळखायचं कसं? प्रत्येक जण वेगळ्याच ठिकाणी रेघ मारतो.

उत्तर : पात्राला समोरच्याकडून काय हवंय हे जिथे बदलतं, किंवा ते मिळवायची युक्ती जिथे बदलते, तिथे रेघ मारायची. विषय बदलला की बीट बदलतोच असं नाही. बहुतेकांची गफलत इथेच होते. हा तुकडा पाहा :

वडील : गाडी किती वाजता?
मुलगा : आहे वेळ अजून.
वडील : बॅग भरलेली दिसत नाही.
मुलगा : भरतो.
वडील : (थांबून) तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलाय.

गाडी आणि बॅग हे विषय दोन, बीट मात्र एकच. मुलाला खरंच जायचंय का, हे वडील चाचपताहेत आणि मुलगा टाळतोय. पंख्याच्या वाक्याला चाचपणं संपून थोपवणं सुरू होतं. ‘जाऊ नकोस’ हे शब्द संहितेत कुठेच नाहीत, तरी ऐकू येतात, हीच उपसंहिता.

समासात पेन्सिलीने क्रियापदं लिहा : चाचपतो, टाळतो, थोपवतो. ‘उदास’, ‘चिडलेला’ अशी विशेषणं लिहिलीत, तर नट ती भावना चेहऱ्यावर आणून नुसता उभा राहतो, कारण विशेषण करून दाखवता येत नाही. दोन पानांत पंधरा-वीस बीट निघाले, तर तुम्ही बीट पाडत नाही आहात, वाक्यं मोजताय. रेघा वेगवेगळ्या आल्या तर बिघडत नाही. आपल्या रेघेचं कारण प्रत्येकाला संहितेत बोट ठेवून दाखवता आलं म्हणजे झालं.

प्रश्न : कथा आणि कथानक यांत नेमका फरक काय?

उत्तर : कथा म्हणजे घडलेलं सगळं, काळाच्या क्रमाने. कथानक म्हणजे त्यातलं नाटककाराने निवडलेलं, त्याने लावलेल्या क्रमाने. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या इडिपसची गोष्ट घ्या. बापाची हत्या आणि आईशी लग्न हे नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी होऊन गेलंय. नाटक उघडतं ते शहरात साथ पसरल्यावर, आणि बराच वेळ रंगमंचावर चालतो तो फक्त तपास.

अभ्यासासाठी दोन कागद घ्या. एकावर घटना काळाच्या क्रमाने लिहा, दुसऱ्यावर त्या प्रेक्षकाला ज्या क्रमाने कळतात तशा. दुसऱ्या कागदावर प्रत्येक घटनेपुढे ‘घडते’ की ‘सांगितली जाते’ हेही नोंदवा. ज्या घटनेची जागा दोन्ही कागदांवर फार वेगळी आलीय, तिच्यापाशी थांबा : ही माहिती इतका वेळ का दडवली? ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या सहा घटकांत कथानकाला पहिलं स्थान दिलं आणि दृश्याला, म्हणजे रंगमंचावर डोळ्यांना जे दिसतं त्याला, शेवटचं. पहिलं मान्य; दुसरं प्रकाशयोजना किंवा नेपथ्य करणाऱ्या कुणाला पटेलसं वाटत नाही.

प्रश्न : रंगसूचनेत ‘डावीकडून प्रवेश’ लिहिलेलं असतं. डावी बाजू कोणाची?

उत्तर : सहसा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. फ्रेंच रंगभूमीवर हा घोळच नाही; तिथे प्रेक्षकाच्या डाव्या हाताला ‘बाग’ आणि उजव्या हाताला ‘अंगण’ म्हणतात. काही छापील संहितांत मात्र प्रेक्षकाची डावी धरलेली असते. म्हणून ब्लॉकिंगला, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचाली ठरवायला, हात घालण्याआधी दारं-खिडक्यांचा वरून दिसणारा नकाशा काढा आणि प्रत्येक येणं-जाणं त्यावर बाणाने दाखवा. ‘आतल्या खोलीत’ गेलेला माणूस रस्त्याच्या दारातून बाहेर पडताना दिसला, की समजा बाजू उलटी धरलीय.

अपस्टेज म्हणजे प्रेक्षकांपासून दूरचा भाग, डाऊनस्टेज म्हणजे जवळचा. पूर्वी रंगमंच मागच्या बाजूला चढता असे, त्यावरून ही नावं. महत्त्वाचं बोलणाऱ्याला डाऊनस्टेजला आणि ऐकणाऱ्याला त्याच्या मागे ठेवलंत, तर बोलणारा त्याच्याकडे वळतो आणि मोक्याचं वाक्य प्रेक्षकांना पाठीमागून ऐकावं लागतं. दोघांना एका रेषेत, किंचित तिरपं उभं करा.

प्रश्न : स्वगत आणि जनांतिक एकच का?

उत्तर : नाही. स्वगत पात्र स्वतःशी बोलतं. मंचावरच्या इतरांना ते ऐकू येत नाही. जनांतिकात दोन पात्रं एकमेकांशी बोलतात आणि बाकीच्यांना ऐकू जात नाही असं मानायचं असतं. संस्कृत नाटकात त्यासाठी अनामिका दुमडलेला त्रिपताक हात आडोशासारखा धरतात.