मृत्युपत्रात कॉलेजसाठी काही ठेवायचं असेल तर एक ओळ पुरते का? मुलांना खटकेल का?

एक ओळ पुरते, पण ती कशी लिहिली आहे यावर सगळं अवलंबून. एका मित्राच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून अशीच एक ओळ मी दोन वर्षं निस्तरत होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्याने स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत लिहिलं होतं: 'आमच्या कॉलेजला, ग्रंथालयासाठी.' खाली कॉलेजचं नाव. घोटाळा असा की ज्या नावाने तो आयुष्यभर कॉलेजबद्दल बोलला, ते नाव कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं. ते आम्हा पोरांच्या तोंडचं नाव. कॉलेज चालवणारी संस्था वेगळी, माजी विद्यार्थ्यांची संघटना वेगळी, दोघांची नोंदणी वेगळी. दोन्हीकडून पत्रं आली आणि दोघेही आपापल्या परीने खरंच बोलत होते. तोवर पैसे बँकेत पडून, आणि वकिलाची फी मात्र त्यातूनच जातेय. त्यामुळे पहिलं काम हे करा: कॉलेजच्या कार्यालयाकडून संस्थेचं नोंदणीकृत नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लेखी मागून घ्या आणि मृत्युपत्रात जसाच्या तसा उतरवा. पुढे संस्था दुसरीत विलीन झाली किंवा नाव बदललं, तर तिच्या जागी येणाऱ्या संस्थेला द्यावं, हेही त्यातच लिहा. कॉलेजं बंद पडतात, एकत्र होतात. आपल्याला ती अमर वाटतात एवढंच.

दुसरं, ठरावीक रक्कम लिहू नका, टक्का लिहा. आज दिलदारपणे मोठा आकडा लिहिला आणि शेवटची काही वर्षं आजारपणात गेली, तर मालमत्ता आटते, आकडा मात्र तसाच राहतो. सहसा ठरावीक रकमेच्या देणग्या आधी चुकत्या होतात आणि 'उरलेलं सगळं मुलांना' असं लिहिलेलं असेल तर फटका मुलांना बसतो. उलट बरीच वर्षं जगलात तर महागाईने तोच आकडा केविलवाणा होतो. देणी, कर आणि मुलांचा ठरवलेला वाटा गेल्यावर उरेल त्याच्या इतके टक्के, अशी भाषा दोन्ही बाजूंनी सुरक्षित.

हेतू किती घट्ट बांधायचा, हा मात्र खरा अवघड भाग. रॉबर्ट मॉरिन नावाचे एक ग्रंथपाल अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे १९६३ चे पदवीधर. तिथल्याच ग्रंथालयात जवळजवळ ५० वर्षं नोकरी केली, अत्यंत काटकसरीने राहिले आणि २०१५ मध्ये वारले तेव्हा विद्यापीठाला सुमारे ४० लाख डॉलर ठेवून गेले. त्यातले फक्त १ लाख त्यांनी ग्रंथालयाच्या नावाने बांधून दिले होते. बाकीच्यावर काहीच अट नव्हती. विद्यापीठाने २५ लाख विद्यार्थ्यांच्या करिअर केंद्राला दिले आणि १० लाख फुटबॉलच्या मैदानावरच्या स्कोअरबोर्डला! लोक भडकले. शेवटच्या काळात मॉरिनना फुटबॉल बघायची गोडी लागली होती, असं विद्यापीठाने सांगितलं. असेलही. पण त्यांना विचारायची सोय उरली नव्हती, आणि नियमानुसार विद्यापीठाचं काही चुकलंही नव्हतं.

म्हणून फार आवळावं, तर तेही अंगलट येतं. सेसिल ऱ्होड्स ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचा माजी विद्यार्थी. तो १९०२ मध्ये वारला. मृत्युपत्रातून त्याने ऑक्सफर्डमधल्या शिक्षणासाठी ज्या शिष्यवृत्त्या ठेवल्या, त्या फक्त पुरुषांसाठी होत्या. ब्रिटनमधला कायदा बदलल्यावर १९७७ पासून त्या स्त्रियांना खुल्या झाल्या. म्हणजे मधली पाऊणशे वर्षं एका मेलेल्या माणसाच्या शब्दावर गेली.

मी माझ्या मृत्युपत्रात मधला मार्ग काढलाय: 'शक्यतो ग्रंथालय आणि गरजू विद्यार्थ्यांचं शुल्क यासाठी, ते शक्य नसेल तर त्याच्या जवळपासच्या शैक्षणिक कामासाठी. इमारत, सुशोभीकरण किंवा समारंभासाठी नको.' काय नको, ते लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव. मूळ रक्कम कायम ठेवून फक्त व्याज वापरायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. पण रक्कम लहान असेल तर हा हट्ट धरू नका; वर्षाला चार पुस्तकांपुरतं व्याज सांभाळण्यात कॉलेजचाच जीव जातो.

मुलांचं म्हणाल, तर मित्राच्या मुलीला ती ओळ वकिलाच्या टेबलावर पहिल्यांदा कळली. पैशांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. 'बाबा कधी बोलले का नाहीत?' एवढंच तिने तीनदा विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यामुळे हयातीतच सांगून टाका, टक्क्यासकट. काही देशांत मुलांचा ठरावीक वाटा कायद्यानेच राखीव असतो, साक्षीदारांचे नियमही जागोजागी वेगळे, म्हणून तुमच्याकडच्या वकिलाला एकदा कागद दाखवाच. कॉलेजलाही कळवायला हरकत नाही, हेतू त्यांना झेपणारा आहे का ते कळतं. नुसतं कळवल्याने तुम्ही बांधले जात नाही. साधं मृत्युपत्र शुद्धीत असेपर्यंत बदलता येतं.