राउटरच्या इंटरफेसवर सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडला का, हे तपासणाऱ्या बेरजेतल्या चुका) वाढताहेत, पण लिंक अप दिसते. दोष कुठे शोधावा?

आधी केबल आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी पाठवायचं म्हणजे फुल, की आळीपाळीने म्हणजे हाफ, ती सेटिंग) तपासा, राउटर बदलायची घाई करू नका. सीआरसी जुळत नाही याचा अर्थ फ्रेम (डेटाचा एक गठ्ठा) तुमच्या पोर्टापर्यंत येतानाच बिघडली. म्हणजे संशय वायर, कनेक्टर, एसएफपी (पोर्टात बसवायचं मॉड्यूल) किंवा पलीकडच्या पोर्टावर. काउंटरमधला आकडा जुना साठलेलाही असू शकतो, तेव्हा तो क्लिअर करून थोड्या वेळाने पुन्हा बघा. तुमच्याकडे सीआरसी आणि रंट (ठरल्यापेक्षा तोकड्या फ्रेम), तर समोरच्या टोकाला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) दिसत असतील तर तो हमखास डुप्लेक्सचा घोळ. एका बाजूला कुणीतरी १०० एमबीपीएस फुल पक्कं करून ठेवलेलं असतं आणि दुसरी बाजू ऑटोवर (आपोआप जुळवून घेण्यावर). ऑटोवाल्याला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, म्हणून तो हाफवर जातो. दोन्हीकडे ऑटो ठेवा. कोलिजन नसतील तर केबल बदला, फायबर असेल तर टोकं पुसा. मात्र समोर कट-थ्रू स्विच (फ्रेम पूर्ण यायच्या आधीच पुढे पाठवणारा) असेल तर तो बिघडलेली फ्रेम तशीच पुढे ढकलतो, आणि खरा दोष त्याच्याही मागच्या लिंकवर निघू शकतो. आउटपुट ड्रॉप (बाहेर पाठवताना टाकून दिलेला डेटा) यात धरू नका, ती गर्दीची तक्रार आहे.