नववीत अल्जेब्रा १ मिळालं तरी इंजिनिअरिंगची वाट बंद होत नाही, पण शाळेचा पहिला महिना हातचा घालवू नका

ताई, मुलगी नागपुरात आठवी करून कॅलिफोर्नियात आली, शाळेने नववीत अल्जेब्रा १ ला बसवलं, तिच्या वयाची बरीच मुलं जिओमेट्रीत आहेत आणि तिला तर इंजिनिअरिंगच करायचंय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि आमचं इथलं पहिलं वर्ष डोळ्यांपुढे आलं. आमचा मुलगाही आठवी करूनच आला होता. जीपीए (ग्रेडची सरासरी), क्रेडिट वगैरे तुम्ही एव्हाना वाचलं असेलच, ते सोडते.

आमचं घोडं अडलं ते शाळेच्या काउन्सेलिंग ऑफिसात. गुणपत्रिकेवर 'गणित' अशी एकच ओळ. इथे अल्जेब्रा आणि जिओमेट्री हे वर्षवर्षभराचे वेगळे विषय, आपल्याकडे आठवीला दोन्ही एकाच पुस्तकात. त्या एका ओळीवरून मुलाला काय येतं हे त्यांना कळणं शक्य नव्हतं, पण कुणी विचारलंही नाही. "आधी रुळू दे, पुढच्या वर्षी बघू," एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी गेलो तर म्हणे, हे सगळं नववीच्या सुरुवातीलाच ठरतं! आजही आठवलं की संताप होतो, कारण हे सुरुवातीला सांगणं त्यांचंच काम होतं. २०१५ पासून या राज्यात 'कॅलिफोर्निया मॅथेमॅटिक्स प्लेसमेंट अ‍ॅक्ट' आहे. नववीत येणाऱ्या मुलांना गणिताचा वर्ग देताना पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टने (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) एकाहून जास्त वस्तुनिष्ठ निकष लावायचे, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात पुन्हा एकदा तपासायचं आणि निर्णय पटला नाही तर पालकांनी दाद कुठे मागायची तेही ठरवून द्यायचं, असं त्यात आहे. हे धोरण डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असतं. ते आजच शोधा.

मग ईमेल करा. तोंडी बोलणं हवेत विरतं. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका जोडा, प्रत्येक प्रकरणापुढे इंग्रजीत विषय लिहा आणि प्लेसमेंट टेस्ट (कोणता वर्ग द्यायचा ते ठरवणारी परीक्षा) मागा. मात्र त्याआधी घरी तिची खरी तयारी बघा. आठवीत वर्ग त्रिपदीचे अवयव होतात, पण वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीला येतात, इथे ती अल्जेब्रा १ मध्येच असतात. फंक्शन आणि त्यांचे आलेखही तिला नवे असतील. एवढा भाग तिने मनापासून करून घेतला तर टेस्ट जरूर द्यावी. तिथे अडखळत असेल तर माझं स्पष्ट मत, आहे त्याच वर्गात राहू द्या. पाया कच्चा ठेवून वर ढकललेली मुलं अल्जेब्रा २ मध्ये फार हाल काढतात.

वर्ग बदलला नाही तरी घाबरू नका. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) गणिताची तीन वर्षं लागतात, चार असावीत अशी शिफारस आहे. अल्जेब्रा १, जिओमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस या सरळ रांगेत ती पात्र ठरतेच. पण इंजिनिअरिंगला तिच्याबरोबर अर्ज करणाऱ्या पुष्कळ मुलांचं बारावीत कॅल्क्युलस असेल, म्हणून कुठेतरी एक वर्ष भरून काढलेलं बरं. माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दहावीत जिओमेट्री आणि अल्जेब्रा २ एकदम. शाळा परवानगी देत नसेल तर नववीनंतरच्या उन्हाळ्यात जिओमेट्री. तो कोर्स ए-जी मान्यतेचा, म्हणजे यूसी प्रवेशासाठी धरते त्या यादीतला हवा, आणि तो झाल्यावर पुढचा वर्ग देणार हे शाळेकडून आधी लेखी घ्या. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: यूसीच्या जीपीएत नववीचे गुण धरत नाहीत, पण नववीनंतरच्या उन्हाळ्यापासूनचे धरतात. तेव्हा 'सुट्टीतला कोर्स' म्हणून हलक्यात घेऊ नका. अल्जेब्रा २ मात्र उन्हाळ्यात कोंबू नका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आणि जिओमेट्री गाळून पुढे जायचा विचारही नको, पुढे कॅल्क्युलस केलं तरी यूसीला तो कोर्स झालेला लागतोच.

अल्जेब्रा २ ऐवजी डेटा सायन्स घ्या असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. २०२३ मध्ये यूसीच्या प्रवेशविषयक समितीने असे कोर्स अल्जेब्रा २ ची जागा घेऊ शकत नाहीत असं ठरवलं. सॅटच्या (कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या) क्लासवरही यासाठी पैसे घालू नका. यूसी आणि कॅल स्टेट (राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठं) प्रवेश देताना सॅट बघतच नाहीत.

कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा पर्यायही आहे. तिथला तीन सेमिस्टर युनिटचा कोर्स हायस्कूलच्या एका वर्षाएवढा धरतात, पण तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणांच्या अधिकृत नोंदीत) कायमचा राहतो. म्हणून पोरगी तयार असेल तरच. पुढे दोन वर्षं तिथेच शिकून यूसीत ट्रान्सफर घेणं यातही कमीपणा काही नाही. आपल्या लोकांत त्याला उगाच नाक मुरडतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी काउन्सेलर नाही, डिस्ट्रिक्टगणिक नियम बदलतात आणि प्रायव्हेट शाळेला तो कायदा लागू नाही, हे लक्षात घेऊन पडताळून बघा. ईमेलचा मसुदा करून मला मेसेजमध्ये पाठवलात तर आज रात्रीच नजर टाकते. शाळा सुरू होऊन किती दिवस झाले तेही त्यात लिहा.