हिंजवडीला आलेला मुलगा घरी आलेला नसतो

प्रश्न: आम्ही फ्रँकफुर्टजवळ राहतो. यांच्या कंपनीचं एक ऑफिस हिंजवडीला आहे, त्यामुळे दर दीड-दोन महिन्यांनी यांची पुण्याला आठवड्याची फेरी असते. उतरतात कोथरूडला, सासूबाईंकडे. तिकडे यांना गरम पोळ्या, इकडे मी दोन मुलं आणि नोकरी सांभाळत एकटी. येताना बॅगभर डबे आणतात. सासूबाईंचं म्हणणं, "येतो आणि झोपतो, धड बोलतसुद्धा नाही." मला राग येतो आणि मग रागाचीच लाज वाटते. माझं चुकतंय का?

उत्तर: राग येणारच, त्यात लाज कसली? फक्त तो पोळ्यांवर काढू नका, कारण त्या पोळ्या तुमच्या नवऱ्याच्याही वाट्याला फारशा येत नसाव्यात. मध्यरात्री मुंबईला उतरायचं, टॅक्सीने एक्स्प्रेसवे गाठायचा, पहाटे कोथरूडला बेल वाजवून म्हाताऱ्या माणसांची झोप मोडायची. अंघोळ करून नऊला बाहेर, की वाकडच्या गर्दीत तासभर. संध्याकाळी सहाला इथली माणसं निघतात तेव्हा हिवाळ्यात तुमच्याकडे दुपारचा दीड झालेला असतो, म्हणजे तिकडच्या साहेबांचं जेवण होऊन खऱ्या मीटिंगा तेव्हाच सुरू होतात. हा घरी येतो साडेनऊला. आई कणीक मळून बसलेली असते, कारण पोळी तव्यावरून ताटातच पडली पाहिजे हा हट्ट. बाबा औषधाची वेळ टळेल म्हणून आधीच जेवून घेतात, आणि अपराध्यासारखे शेजारी बसून राहतात. दुसऱ्या पोळीला मुलाची मान डुलायला लागते.

सासूबाईंना वाटतं, याचा सगळा जीव ऑफिसात आणि बायकामुलांत. तुम्हाला वाटतं, आईकडे लाड चाललेत. त्या आठवड्यातून दोघींनाही काही मिळत नाही आणि त्याला झोपसुद्धा मिळत नाही. ही फेरी कंपनीची आहे. तिला घरी येणं म्हणायचं सोडलं, की निम्मी भांडणं मिटतील.

म्हणून माझं ऐका. कामाच्या रात्री त्याने हिंजवडी-वाकडकडच्या हॉटेलात राहावं, खर्च बहुतेक कंपन्या देतातच. "स्वतःचं घर असताना हॉटेलात?" असं कोथरूडात म्हणतील, शेजारच्या काकूही म्हणतील. म्हणू देत. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटून त्याने घरी जावं, सोमवारची रजा टाकावी आणि परतीचं तिकीट सोमवार रात्रीचं काढावं. अडीच दिवस जागा असलेला मुलगा पाच रात्री घोरणाऱ्या मुलापेक्षा आईला केव्हाही परवडतो. त्या दिवसांत बँकेची आणि मेडिक्लेमची कामं त्याच्या गळ्यात मारू नका. बाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. भाचा-पुतण्या कुणीही शेजारी बसून करून देईल, त्यासाठी जर्मनीहून माणूस यायला नको.

मुलांशी बोलायची वेळ ठरलेली हवी. पुण्यात रात्रीचे दहा म्हणजे तुमचे हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा, मुलं जागी आणि बरीचशी शांत असतात. तो परत येईल त्या दिवशी मात्र पाहुणे बोलावू नका, आणि "आता तू बघ मुलांकडे" हेही दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणा. म्हणा मात्र नक्की.

आता डबे. यात मायेइतकाच कायदा आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चक्का सगळं आलं. आजवर कुणी बॅग उघडली नसेल तर ते नशीब. ताजी फळं-भाज्या 2019 च्या डिसेंबरपासून रोगमुक्तीच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं सुटली आहेत, म्हणून हापूसची पेटी विसरा, कढीलिंबसुद्धा. आणि दिवाळीत दुबईमार्गे तिकीट असेल तर अनारसे बॅगेत नकोत: संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. सिंगापूरमध्येही आहे. काही घरांत गोड्या मसाल्यातही खसखस घालतात, तेवढं सासूबाईंना विचारून घ्या.

दुधातलं सगळं तिकडेच होतं, आणि चांगलं होतं. जर्मन दुकानात लोण्याच्या वेष्टनावर 'झाउअररामबुटर' लिहिलेलं बघून घ्या. ते विरजलेल्या सायीचं लोणी, बिनमिठाचं घ्यायचं. मंद आचेवर कढवलं की आधी फेस येतो, मग तडतड थांबते आणि बेरी तांबूस होते. तेव्हा लगेच उतरवा, त्याला घरच्या तुपाचा वास येतो. न विरजलेल्या सायीच्या साध्या लोण्याला तो येत नाही. क्वार्क, म्हणजे तिकडचं घट्ट दह्यासारखं ताजं चीज, फडक्यात रात्रभर टांगून ठेवला की श्रीखंडाचा चक्का तयार. बिनसायीचा मात्र घेऊ नका, तो कोरडा लागतो.

पुण्याहून आणायच्या त्या कोरड्या गोष्टी: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुरडया. नवरा गावाला गेलेला असताना संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून आल्यावर मऊ भात, मेतकूट आणि त्या तुपाची धार एवढंच करा. मुलं कुरकुरली तर वर कुरडई तळा. चारीठाव स्वयंपाक त्या आठवड्यात कुणी मागितलेला नाही.

एक रुक्ष गोष्टही. कामासाठी आलेले दिवससुद्धा भारतातल्या मुक्कामात धरले जातात. आर्थिक वर्षात ते 182 झाले की इन्कम टॅक्सच्या लेखी माणूस इथला रहिवासी ठरतो, आणि भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल तर 120 दिवसांपासूनच प्रश्न सुरू होतो. दोन महिन्यांनी आठवडा म्हणजे अजून बरंच अंतर आहे, पण कंपनीने फेऱ्या वाढवल्या तर तारखा लिहून ठेवा आणि सीएला दाखवा.

सासूबाईंना फोन तुम्हीच करा, नवऱ्याकरवी निरोप नको. हॉटेलचं मात्र त्यालाच सांगू दे, ते सुनेच्या तोंडून आलं तर जन्मभर तुमच्या नावावर राहील. तूप नको म्हणताना सरळ कायदा पुढे करा, त्याचं त्यांना वाईट वाटणार नाही. आणि भाजणी दोन किलो मागा. एक किलो म्हणालात तर त्यांना वाटेल, सुनेला खरं म्हणजे नकोच आहे.