शाळेचं राहू द्या, आज रात्री मुलं कुठं झोपणार?

ताई, तुमचं चार पानी पत्र शाळेच्या भांडणाचं आहे. पुणं सोडून नवऱ्याच्या गावी शेतावर राहायला आलात. थोरल्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचंय, सासूबाईंना गावातली जिल्हा परिषदेची शाळा बरी वाटते, नवरा काहीच बोलत नाही. आणि तिसऱ्या पानावर जाता जाता एक वाक्य: "परवा सरपणात मण्यार निघाली, ह्यांनी मारली. मुलं आजीजवळ पडवीत खालीच झोपतात, तेवढाच गारवा."

सासूबाईंना दोन पानं आणि मण्यारीसारख्या जहरी सापाला एक ओळ? शाळेचा निर्णय पुढच्या जूनचा आहे. हा आजचा आहे.

मण्यार दिवसा दडून बसते, रात्री उंदीर-पाली, लहान साप शोधत घरात शिरते. खाली झोपलेल्याच्या अंथरुणात येते आणि कूस बदलताना तिच्यावर हात पडला की चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा झोपही मोडत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोर पोट दुखतंय म्हणून उठतं, उलटी करतं, घरचे ओवा देत बसतात. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, जीभ जड होते आणि शेवटी श्वास थांबतो. एक मारली म्हणजे धोका टळला नाही. सरपण अजून तिथंच आहे.

आजच बाजारातून मच्छरदाण्या आणा. मुलं खाटेवर, खाट भिंतीपासून हातभर लांब, चादर खाली लोंबू द्यायची नाही. अंथरूण-पांघरूण झाडून, बॅटरीच्या उजेडात बघून मगच मच्छरदाणीच्या चारही कडा गादीखाली खोल खोचायच्या. नुसत्या सोडलेल्या कडेखालून साप सहज आत येतो. खाट मिळेपर्यंत खालच्या गादीलाही असंच करा. सासूबाई म्हणतील, आम्ही जन्मभर खालीच झोपलो. वाद घालू नका. त्यांच्याही गादीखाली कडा खोचून द्या. सरपण घरापासून लांब हलवा.

तरीही कधी पहाटे पोटदुखीबरोबर पापण्या जड झाल्या, तर दाताची खूण शोधत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. तोंडाने काही द्यायचं नाही, आवळून बांधायचं नाही, ब्लेड नाही, मांत्रिक नाही. सापाच्या विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे नवऱ्याला उद्या सकाळी ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारायला सांगा आणि तिथला नंबर दारामागे लिहून ठेवा.