खुर्द्याची चतुर्दशी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा ११ नोव्हेंबरला शाळेतून आलीस तेव्हा तुझ्या कोटावर कागदाची लाल पॉपी होती, इथे इंग्लंडमध्ये लढाईत मेलेल्यांच्या आठवणीसाठी लावतात ते फूल. बूट काढता काढता तू विचारलंस, "आई, आपल्या मराठी लोकांत लढाईत मेलेल्यांचा दिवस नसतो का? आज अकरा वाजता सगळी शाळा दोन मिनिटं गप्प उभी होती. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मला काही सांगताच आलं नाही." मी कुकर लावत होते. "असतो की," एवढंच म्हणाले. कुठला, ते सांगितलं नाही, कारण कुकरची शिट्टी होईपर्यंत सांगून संपणारी ती गोष्ट नव्हती. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच. शब्द अडले तर रविवारी आजीला विचार, तिला तेवढंच निमित्त हवं असतं.

आपला दिवस तारखेनं येत नाही, तिथीनं येतो. भाद्रपद वद्य चतुर्दशी, सर्वपित्री अमावास्येचा आदला दिवस. पंचांगात त्या दिवसापुढे बारीक अक्षरांत छापलेलं असतं : शस्त्रादिहत पितृश्राद्ध. शस्त्र, आदि, हत. शस्त्रानं किंवा तशाच एखाद्या घातानं ज्यांचा जीव गेला, त्यांचं श्राद्ध. पितृपक्षात ज्याला त्याला त्याच्या त्याच्या तिथीला पान वाढतात, पण चतुर्दशी ह्या लोकांसाठी राखलेली आहे. घरी अंथरुणावर गेलेला माणूस चतुर्दशीला गेला असला, तरी त्याचं श्राद्ध त्या दिवशी करत नाहीत, अमावास्येला करतात. ही जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असं कुणीतरी फार पूर्वी ठरवून ठेवलं. मला हे अजूनही फार मोठं वाटतं.

आता ग्वाल्हेरच्या लष्कर ह्या भागातल्या आमच्या घरी काय व्हायचं ते सांगते. ग्वाल्हेरला पितृपक्ष लागला की शेजारच्या मावशी म्हणायच्या, "कनागत लग गये." त्यांच्या हिशोबानं तो क्वार महिना, आमच्या पंचांगात भाद्रपद. महिन्याचं नाव वेगळं, दिवस तेच. आमच्या घरी चतुर्दशीला खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. आजी पहाटेपासून ओट्याशी. आम्हा मुलांचं काम गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघायचं. देवघरात खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी चांदीचा आणखी एक टाक होता, अंगठ्याएवढा. त्यावर घोडा, आणि घोड्यावर हातात तलवार उगारलेला माणूस. पुसून पुसून त्याचं नाक-तोंड कधीच गेलेलं.

मी आबांना विचारलं होतं, "हा कोण?"
"आपला वीर. पानिपतात गेला."
"नाव काय त्याचं?"
"नाव राहिलं नाही, बाळ."

श्राद्धात पाणी सोडताना नाव आणि गोत्र घ्यावं लागतं. बाप, आजा, पणजा, तीन पिढ्यांची नावं आबांना पाठ होती. ह्या वीराच्या वेळी मात्र नावाच्या जागी ते थांबायचे. एक श्वास जाईल एवढंच. मग हातातले तीळ आणि पाणी अंगठ्याच्या बाजूनं ताम्हनात सोडायचे. तुमच्या शाळेतल्या दोन मिनिटांचं तू सांगत होतीस तेव्हा मला तो थांबलेला श्वास आठवला.

पानिपत तुला ठाऊक आहे, पण नीट सांगते. १४ जानेवारी १७६१, आता ज्या तारखेला आपण तिळगूळ वाटतो ती. मराठे आणि अहमदशाह अब्दाली, दिल्लीच्या उत्तरेला. मराठी फौज महिनोन्‌महिने दाणावैरणीवाचून अडकली होती, माणसं आणि घोडी उपाशी होती, आणि फौजेबरोबर लढवय्यांपेक्षाही न लढणारी माणसं जास्त होती : यात्रेकरू, बायका, व्यापारी, नोकरचाकर. एका दिवसात सगळं संपलं. नानासाहेब पेशव्यांना ही बातमी पोचली ती सावकारी चिठ्ठीतून, आडपडद्याच्या भाषेत. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे सुटी नाणी.

चिऊ, आपला वीर त्या खुर्द्यातला.

चिठ्ठीतलं ते वाक्य मी शाळेत असताना पाठ केलं होतं, परीक्षेसाठी. तेव्हा सुंदर वाटलं होतं. आता वाचलं की खुर्दा ह्या शब्दाशी अडकते. मोत्यांची नावं आपण अडीचशे वर्षांहून जास्त जपली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचीही जपली. दत्ताजी, १७६० च्या जानेवारीत यमुनेच्या बुराडी घाटावर पडले. "बचेंगे तो और भी लडेंगे" म्हणाले असं सांगतात, आणि ते प्रत्येक मराठी मुलाला येतं. जनकोजी पानिपतानंतर मारले गेले. महादजी पायाला जन्माचं अधूपण घेऊन वाचले. त्यांना वाचवणारा राणेखान नावाचा भिस्ती होता, पखालीतून पाणी वाहणारा. महादजींनी त्याला भाऊ मानलं, मोठा सरदार केलं. खुर्द्यातलं हे एक नाव टिकलं, तेही एका मोहरेचा जीव वाचवला म्हणून. बाकीच्यांचं काय उरलं? घराघरांतले असले नाक पुसलेले टाक, आणि पंचांगातली ती ओळ.

आमचं गावच सगळं फौजेनं भरलेलं होतं, पण हे मला तिथे राहून कधी जाणवलं नाही. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांचा तळ पडला ती जागा. तळ उठला नाही, त्याचं शहर झालं. कंपू म्हणजे कॅम्प. जिन्सी म्हणजे तोफखाना. शिंदे की छावनी तर सरळच. आम्ही टेम्पोवाल्याला ही नावं ओरडून सांगायचो आणि उतरायचो. तिथे राहणारी, पगार घेणारी, मोहिमेवर जाऊन परत न येणारी माणसं त्या नावांत आहेत, आणि त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या भिंतीवर नाही. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पन्यार, एकाच दिवशी दोन लढाया ग्वाल्हेरची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. इंग्रजांनी आपल्या मेलेल्यांसाठी कलकत्त्याला हुगळीच्या काठी स्मारक बांधलं आणि पकडलेल्या ग्वाल्हेरी तोफांच्या धातूचे तारे करून आपल्या सैनिकांच्या छातीवर लावले. आमच्या तोफांशी उभे राहून मेले त्यांचं काय केलं असेल? त्यांच्या घरी चतुर्दशीला पान वाढलं असेल, इतकंच.

फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. १८५८ च्या जूनमध्ये ती ग्वाल्हेरला लढताना गेली, आणि तेव्हा ग्वाल्हेरचे महाराज इंग्रजांच्या बाजूला होते, हेही तुला माहीत असू दे. दर जूनमध्ये तिथे बलिदान मेळा भरतो, गर्दी होते, फुलं वाहतात. मी शाळेच्या रांगेतून गेलेय. ती मोती आहे, आणि तिचं केलंच पाहिजे. देशाचे दिवसही आहेत : २६ जुलै कारगिलचा, ७ डिसेंबर ध्वजदिनाचा. तेव्हा शाळेत चिकटवायला छोटा झेंडा मिळायचा, तुझ्या पॉपीसारखाच.

पण तुझ्या शाळेजवळच्या त्या दगडी क्रॉसवर शिपायाचं आणि अधिकाऱ्याचं नाव एकाखाली एक, आडनावाच्या क्रमानं कोरलेलं आहे. ह्या बाबतीत मी ह्या लोकांना मानते. मोती आणि खुर्दा एकाच अक्षरात. आपण हे करायला हवं होतं. आपल्याकडे पाणी सोडायची रीत आहे, ज्याचं कुणीच नाही त्याच्यासाठीसुद्धा धर्मपिंड ठेवायची रीत आहे, आणि ती मला फार प्रिय आहे. पण नाव लिहून ठेवलं असतं तर आबांना थांबावं लागलं नसतं.

आणि ह्यांनीही सगळ्यांची नावं वेळेवर लिहिली असं समजू नकोस. तुमची सहल गेली होती तो ब्रायटनचा घुमटांचा पॅव्हिलियन आठवतो? पहिल्या महायुद्धात तिथे हिंदी शिपायांचं हॉस्पिटल होतं. फ्रान्समध्ये जखमी झालेली माणसं तिथे आणत. गावातल्या अशा हॉस्पिटलांत जे हिंदू आणि शीख दगावले, त्यांना गावाबाहेर टेकडीवर नेऊन अग्नी दिला. त्रेपन्न जण. राख समुद्रात सोडली. १९२१ मध्ये त्या जागेवर पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधली. तिचं नाव इंग्रजीतही छत्रीच आहे, आमच्या छत्री बाजारातल्या शिंद्यांच्या छत्र्यांसारखंच. पण त्या त्रेपन्न जणांची नावं तिथे कोरली गेली २०१० मध्ये. तोवर एका अख्ख्या आयुष्याएवढा काळ तेही खुर्दाच होते.

मी काल आजीशी बोलले. म्हटलं, भाद्रपदात चतुर्दशीला चिऊनं पाणी सोडलं तर चालेल का? काही जण म्हणतात मुलींनी सोडायचं नसतं. आजी जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टाक तुझ्याकडेच पाठवते. माझ्यानंतर इथे कोण पुसणार?"

तेव्हा चतुर्दशीला मी सकाळी खीर करीन. काळे तीळ आणि ताम्हन मी घेते, पाण्याचा तांब्या तुझ्याकडे. त्रेपन्न नावं मी तुला देवनागरीत लिहून देते, ती तू मोठ्यानं वाचायचीस, चुकलीस तर परत वाचायचं. त्यांच्याखाली एक ओळ मोकळी ठेवीन, घोड्यावरच्या माणसासाठी. तिथे थांब.

छत्रीपर्यंत गाडी जात नाही. शेवटची चढण शेतातून चालायची आहे, म्हणून जुने बूट घाल.

तुझी,
आई